वाल मरी क्रमांक 17: चारशे माणसांचा मुलूख

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात स्विफ्ट करंट शहरातून चार नंबरचा महामार्ग धरून दक्षिणेला निघालं, की सव्वाशे किलोमीटरच्या आत वाल मरी गाव लागतं. त्याच रस्त्याने आणखी खाली गेलं, की अमेरिकेची हद्द. या टोकाच्या मुलखाचं सरकारी नाव ‘रूरल म्युनिसिपालिटी ऑफ वाल मरी क्रमांक 17’. क्षेत्रफळ तीन हजार चौरस किलोमीटरांच्या वर, म्हणजे गोव्याहून थोडं कमी. वस्ती चारशेच्या घरात. वाल मरी गावातली माणसं यात धरलेली नाहीत, कारण गावाचा कारभार निराळा.

पर्यटनाच्या पत्रकांत या माळाला ‘अस्पर्श’ म्हणायची रीत आहे. ती मला पटत नाही. हा माळ रिकामा सापडलेला नाही. तो रिकामा झाला आहे, आणि तोही दोनदा.

फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यात आणि भोवतीच्या टेकाडांवर दगडांची हजारो वर्तुळं दिसतात. मूळ रहिवाशांच्या तंबूच्या कातड्याची कड वाऱ्यात उडू नये म्हणून दाबायला ठेवलेले हे दगड. तंबू उठले, दगड तिथेच राहिले. मधूनच हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेला एखादा मोठा धोंडा भेटतो. बायसनांनी पिढ्यानपिढ्या अंग घासून त्याच्या कडा गुळगुळीत केल्या आहेत. 1874 मध्ये क्री, सोटो आणि असिनिबोइन लोकांशी कॅनडा सरकारने चौथा करार केला. त्यानंतर काही वर्षांतच बायसनांचे कळप संपले आणि उपासमार सुरू झाली. पश्चिमेला सायप्रेस हिल्समध्ये आसऱ्याला आलेल्या लोकांचा शिधा 1882-83 मध्ये तोडून सरकारने त्यांना उत्तरेच्या राखीव वस्त्यांकडे जायला भाग पाडलं. पहिल्यांदा माळ रिकामा झाला तो असा.

मग मोजणीदार आले. साऱ्या प्रेअरीची मैलामैलाच्या चौकोनांत आखणी झाली. 1872 च्या डोमिनियन लँड्स कायद्याने 160 एकरांचा तुकडा दहा डॉलर भरून नावावर लावता येई. तिथे घर बांधायचं, तीन वर्षं राहायचं, थोडी जमीन नांगराखाली आणायची, की मालकी मिळाली. कागदावर झकास योजना! पण या कोपऱ्यात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी पडतं साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. हा कोरडा त्रिकोणी पट्टा शेतीच्या कामाचा नाही, हे शोधप्रवासी जॉन पॅलिसरने 1857 ते 1860 च्या मोहिमेतच नोंदवलं होतं. 1906-07 च्या हिवाळ्यात मोठमोठ्या रँचवरची गुरं बर्फात मेली, तेव्हा तरी शहाणपण यावं. उलट त्यानंतर आणखी जमीन वसाहतीला खुली झाली. 1910 च्या सुमारास फ्रेंचभाषक कुटुंबं आली, मागोमाग रेल्वे आणि धान्याची उंच लाकडी कोठारं. 1930 च्या दशकात अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी हिशेब चुकता केला. कुटुंबंच्या कुटुंबं उठून गेली. माळ दुसऱ्यांदा रिकामा झाला. केंद्र सरकारने 1935 मध्ये पुनर्वसनाची खास यंत्रणा उभारली. तिने पडीक शेतांवर पुन्हा गवत लावून सामायिक कुरणं केली आणि फ्रेंचमन अडवून वाल मरीत पाटाचं पाणी आणलं.

उरलेल्या माणसांचा कारभार म्हणजे ही म्युनिसिपालिटी. प्रमुखाला रीव्ह म्हणतात. सोबत विभागवार निवडलेले सदस्य. काम मुख्यतः रस्त्यांचं. खडीचे रस्ते ग्रेडरने सपाट करायचे, मोऱ्या नीट ठेवायच्या, बर्फ बाजूला करायचा. घरं एकमेकांपासून मैलोगणती दूर, त्यामुळे माणशी रस्ता इतका येतो की मोठ्या शहराचा अभियंता चक्रावून जाईल.

एवढ्याशा वस्तीने नामवंत मात्र दिले. क्यूबेकचा अर्नेस्ट दुफो तरुणपणी इथे गुरांमागे राहिला आणि पुढे अमेरिकेत ‘विल जेम्स’ या नावाने काउबॉयांचा लेखक-चित्रकार म्हणून गाजला. आत्मचरित्रात त्याने स्वतःचा जन्म खुशाल मोंटानात दाखवला! आइस हॉकीतला ब्रायन ट्रॉटिये 1956 मध्ये वाल मरीत जन्मला आणि खेळाडू म्हणून सहा स्टॅन्ली कप जिंकून गेला.

आज बाहेरची माणसं येतात ती ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानासाठी. त्याचा पश्चिम भाग याच परिसरात आहे. काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगच्या (हा खरं तर खारीच्या कुळातला प्राणी) नैसर्गिक वसाहती कॅनडात फक्त इथेच आहेत. 2005 च्या डिसेंबरात एल्क आयलंड उद्यानातून 71 बायसन आणले आणि पुढच्या वसंतात मोकळे सोडले. आता त्यांचा कळप शेकड्यांत आहे. काळ्या पायांचे फेरेटही 2009 मध्ये आणले, पण प्लेग आणि दुष्काळापुढे ते टिकले नाहीत. सेज ग्राउस या पक्ष्याची गत आपल्या माळढोकासारखी: नर मोकळ्या माळावर नाचतो आणि माळच आक्रसत जातो. त्याच्यासाठी 2013 मध्ये केंद्राने तातडीचा संरक्षण आदेश काढला, तेव्हा रँचवाले चिडले. त्यांच्या रागात तथ्य होतं. सस्कॅचेवानचं बहुतेक मूळ गवत नांगराखाली गेलं असताना इथलं वाचलं, ते या लोकांनी गुरं चारली आणि नांगर घातला नाही म्हणून. उद्यानातली बरीच जमीन जुन्या रँचचीच आहे, मालक राजी असेल तरच विकत घेतलेली. चराई थांबली तर गवताचा पोत बदलतो हे लक्षात आल्यावर काही भागांत मुद्दाम गुरं परत सोडण्यात आली.

गावात धान्याचं जुनं कोठार अजून उभं आहे. जुन्या शाळेत वस्तुसंग्रह आणि पुस्तकांचं दुकान आहे, तर नन्सच्या जुन्या मठात पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. भेटीला जून किंवा सप्टेंबर बरा. गाडीची टाकी स्विफ्ट करंटलाच भरून घ्यावी. पाऊस झाला तर खडी नसलेल्या रस्त्यावर अजिबात जाऊ नये. इथली चिकणमाती, तिला ‘गंबो’ म्हणतात, चाकांना अशी धरते की ट्रॅक्टर येईपर्यंत सुटका नाही. प्रेअरी डॉगच्या बिळांपाशी रॅटलस्नेक असतात, तेव्हा पायांत घोट्यावरचे बूट हवेत. मोंटानात उतरायचं असेल तर मोंचीची सीमाचौकी रात्री बंद असते. वेळ आधी पाहूनच निघावं.