माणसाची किंमत आणि हवामानाचा अहवाल

कार्यकर्त्यांच्या शिबिरांत मी हवामानबदलावर बोलतो. 'आयपीसीसीचा अहवाल सांगतो' असे म्हटले की ऐकणारे गप्प होतात, जणू ते नवे वेदवाक्यच! अपौरुषेय असे काही नसते, हे आपण तरी विसरू नये. हा अहवाल माणसेच लिहितात.

१९८८ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी ही आंतरसरकारी समिती स्थापन केली. ती स्वतः संशोधन करीत नाही, झालेले संशोधन वाचून निष्कर्ष मांडते. नावे सरकारे आणि मान्यताप्राप्त संस्था सुचवतात. त्यांतून निवडलेले लेखक मानधनाशिवाय लिहितात. २०२१ च्या भौतिक विज्ञानावरील खंडाला २३४ लेखक होते आणि मसुद्यांवर ७८ हजारांहून अधिक अभिप्राय आले. प्रत्येक अभिप्रायाची दखल लेखी घ्यावी लागते, आणि ते सारे पुढे प्रसिद्धही होते. शेवटी धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारी प्रतिनिधी ओळ न् ओळ वाचून सर्वसंमतीने मंजूर करतात. मूळ प्रकरणे मात्र लेखकांची. त्यांची अशी ओळवार मंजुरी नसते.

हा भेद किरकोळ नव्हे. १९९५ साली दुसऱ्या अहवालाच्या वेळी तो उघडा पडला. हवामानबदलाच्या सामाजिक खर्चावरील प्रकरणात अर्थशास्त्रज्ञांनी मरणाऱ्या माणसांची किंमत डॉलरमध्ये मांडली. श्रीमंत देशातला माणूस १५ लाख डॉलरचा. गरीब देशातला फार तर त्याच्या दहाव्या हिश्श्याचा. मृत्यूचा धोका टाळण्यासाठी माणूस किती पैसे मोजायला तयार आहे, त्यावरून जीवाचे मोल काढायचे, असा तो हिशेब. ज्याच्या खिशात काही नाही, तो काय मोजणार? धूर सोडणारा एक, मरणारा दुसरा, आणि मरणाराच स्वस्त! मनुस्मृतीने ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्ताचा सोळावा हिस्सा शूद्राच्या हत्येला सांगितला आहे. अपूर्णांक आपल्या ओळखीचेच आहेत.

भारत सरकारने निषेध केला. (गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, हे याच देशात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, तेही ध्यानात असू द्यावे.) जुलैत जिनिव्हाला वाद मिटला नाही, तो ऑक्टोबरात मॉन्ट्रियलला गेला. तिथे सरकारांनी सारांशात या मोजमापाविषयीचे मतभेद नोंदवून घेतले. प्रकरणातले आकडे लेखकांनी मागे घेतले नाहीत. एकाच ग्रंथात सारांशाचा सूर वेगळा आणि प्रकरणाचा वेगळा, असे ते छापले गेले.

२०२२ च्या खंडाच्या सारांशात, काही समाज अधिक असुरक्षित का, याची कारणे सांगताना 'वसाहतवाद' हा शब्द आला आणि सरकारांनी तो मंजूर केला. असे शब्द आधी संशोधनलेखांत यावे लागतात. भूमिहीन मजुराने सोसलेला दुष्काळ कोणी अभ्यासून छापलाच नाही, तर तो लेखकांच्या टेबलापर्यंत पोहोचणे कठीण. आपल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी इथेच लक्ष घालावे. सातव्या अहवालाचे काम सुरू आहे. त्याचे मसुदे अभिप्रायासाठी खुले होतात, तेव्हा आपल्याला विषयाची कोणती जाण आहे हे सांगून समीक्षक म्हणून नाव नोंदवता येते. त्यासाठी सरकारची शिफारस लागत नाही.