पहिल्या लघुपटाचा पैसा येतो कुठून?

सालवड, पास्थळ, कुंभवली किंवा बोईसरमध्ये राहणाऱ्या एखाद्या मुलीच्या डोक्यात पंधरा मिनिटांच्या लघुपटाची गोष्ट आहे, असं धरून चालू. ती एमआयडीसीत नोकरी करत असेल किंवा कॉलेजात शिकत असेल. गोष्ट चिंचणीकडच्या एखाद्या डायमेकरची असेल, सातपाटीच्या मच्छीमार घरातली असेल, नाहीतर रात्रपाळी संपवून झोपायला येणाऱ्या चार परप्रांतीय कामगारांच्या एका खोलीची. हातात मोबाइल आहे, दोन मित्र तयार आहेत. पैसा आणि सांगणारं माणूस, या दोन गोष्टी नाहीत. त्या कुठून आणि कोणत्या क्रमानं मिळतात, ते नीट पाहू.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकावी. लघुपटाला तिकीटबारी नाही. पूर्ण लांबीच्या चित्रपटात पैसे घालणारा माणूस परताव्याची आशा तरी ठेवू शकतो, लघुपटात तीही जवळजवळ नसते. त्यामुळे ज्याला पैसे परत हवेत त्याच्याकडे लघुपटासाठी जाऊच नये. दोघांचे संबंध बिघडतात, फिल्मही बिघडते. लघुपटाला पैसा देणारे वेगळे असतात: एखादा हेतू धरून अनुदान देणारी संस्था, शिक्षणाचा भाग म्हणून फिल्म करवून घेणारं कॉलेज, स्पर्धा भरवणारी कंपनी, गोष्ट आपली वाटते म्हणून वर्गणी देणारी माणसं. यातल्या प्रत्येकाला परताव्याऐवजी खात्री हवी असते. हे काम पुरं होईल आणि बरं होईल, एवढी.

ही खात्री कशी द्यायची याचा धडा मराठी माणसाला 1912 पासून उपलब्ध आहे. दादासाहेब फाळके आपल्या विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले. तिथे ते ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांना भेटले. त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन इथल्या स्टुडिओचं दार उघडलं आणि हेपवर्थ यांनी सगळं काम जवळून दाखवलं. फाळके कॅमेरा घेऊन परतले, पण चित्रपटासाठी भांडवल नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे लावले, समोर कॅमेरा ठेवला आणि एकेक फ्रेम घेत महिनाभरात अंकुराचा वेल होताना टिपला. एक मिनिटाहून थोडी मोठी ही फिल्म, ‘अंकुराची वाढ’. ती मोजक्या लोकांना दाखवली. त्यातल्या यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

यातला क्रम बघा. आधी स्वतःची झळ, मग जाणत्याचं मार्गदर्शन, मग दाखवता येईल असा छोटा नमुना आणि सर्वांत शेवटी बाहेरचा पैसा. आज बहुतेक होतकरू मुलं उलट्या टोकानं सुरुवात करतात. निर्माता शोधण्यात वर्ष घालवतात आणि नमुना मात्र तयार नसतो. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून पुढे पैशाचं शेवटी सांगतो.

नमुना म्हणजे ट्रेलर नव्हे. गोष्टीतला एकच प्रसंग, दोन-तीन मिनिटांचा, पण पुरा केलेला. नट तेच, जागा तीच, मोबाइलवर शूट केलेला चालेल. चित्र थोडं कमी-जास्त असलं तरी पाहणारा समजून घेतो, आवाज खराब असेल तर तो पाचव्या सेकंदाला सोडून देतो. आपल्या भागात हे जास्तच सांभाळावं लागतं. कारखान्यांची घरघर, पश्चिम रेल्वेच्या मालगाड्या, खोलीतला पंखा, दारावरची कुत्री. शक्य तिथे पंखा बंद करा, माइक नटाच्या जवळ न्या आणि प्रत्येक जागी कुणीही न बोलता एक मिनिटाचा नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा. एडिटिंगच्या वेळी ते मिनिट सोन्यासारखं कामी येतं.

नमुन्यासोबत एक फाइल लागते. दोन ओळींत गोष्ट. मग एका पानात पूर्ण कथा, शेवटासकट, कारण पैसे देणाऱ्यापासून शेवट लपवायचा नसतो. ही गोष्ट मीच का सांगतेय याचं अर्ध्या पानाचं टिपण. पटकथा. आणि बजेट. बजेट बहुतेक जण शूटिंग संपेपर्यंतचंच करतात, तिथेच फसगत होते. कॅमेरा, लाइट, साउंड, गाडी, जेवण, नटांचं मानधन ही अर्धी यादी झाली. पुढे एडिटिंग, रंगदुरुस्ती, साउंड मिक्सिंग, संगीताचे हक्क, इंग्रजी सबटायटल, थिएटरात दाखवण्यासाठीची डिजिटल प्रत आणि महोत्सवांची प्रवेश फी राहतेच. कितीतरी लघुपट शूट होऊन हार्ड डिस्कवर पडून आहेत ते या दुसऱ्या अर्ध्या यादीमुळे. एकूण रकमेपैकी निम्मी रक्कम शूटिंगनंतरसाठी राखून ठेवायची आणि काही झालं तरी तिला हात लावायचा नाही, असं मी सांगेन.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीही बजेटमध्ये बाजारभावानं लिहाव्यात आणि पुढे ‘मिळाले’ अशी नोंद करावी. मामाचा टेम्पो, मैत्रिणीचं घर, गावच्या खानावळीचं दोन दिवसांचं जेवण. यामुळे देणाऱ्याला दिसतं की चार माणसांनी आधीच भरवसा टाकलाय.

आता मार्गदर्शक. मराठीतली दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा ‘पिस्तुल्या’ हा नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाच्या एमएचा भाग म्हणून झालेला लघुपट. 58 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला नॉन-फीचर विभागात पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. म्हणजे एका जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज, तिथले शिक्षक आणि अभ्यासक्रमातली एक असाइनमेंट एवढ्या आधारावर ते काम उभं राहिलं. ‘सैराट’ नंतरही ते लघुपटाकडे परतले आणि ‘पावसाचा निबंध’साठी 65 व्या पुरस्कारांत नॉन-फीचर विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. दुसरं उदाहरण उमेश कुलकर्णींचं. ‘गिरणी’ या लघुपटानं राष्ट्रीय पुरस्कार मिळवला तेव्हा ‘वळू’, ‘विहीर’ आणि ‘देऊळ’ पुढे यायचे होते. पुढे त्यांच्या ‘आरभाट’नं पुण्यात लघुपट दाखवण्याचं आणि त्यावर बोलण्याचं व्यासपीठ उभं केलं. नव्या मुलांना अशा जागांची गरज पैशाहून अधिक असते.

सालवडच्या मुलीला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची, म्हणजे एफटीआयआयची, पूर्णवेळ पदविका जमेलच असं नाही. पण 2017 पासून एफटीआयआय देशभर अल्प मुदतीचे अभ्यासक्रम घेते. त्यात पटकथा, अभिनय आहे, मोबाइलवर फिल्म बनवण्याचाही अभ्यासक्रम असतो. मुंबईत 1968 पासूनचं प्रभात चित्र मंडळ आहे, थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सवही असतो. 1990 मध्ये सुरू झालेला, माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनसाठीचा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दर दोन वर्षांनी भरतो. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, त्यामुळे बोईसरहून सकाळी निघून फिल्म पाहून रात्री परतणं आता शक्य आहे. तिथे नुसतं पाहून परतू नका. फिल्मनंतर दिग्दर्शक बोलतात, तेव्हा प्रश्न विचारा. पुढच्या ओळखी तिथून सुरू होतात.

इफ्फी या गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातला ‘क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो’ हा उपक्रम 2021 मध्ये 75 तरुणांना घेऊन सुरू झाला, 2024 मध्ये ही संख्या 100 झाली. निवडलेल्यांना गोव्यात जाणत्या कलावंतांचे वर्ग मिळतात आणि गट पाडून 48 तासांत लघुपट करायचा असतो. प्रवेश दिग्दर्शकांपुरता नाही. साउंड, एडिटिंग, मेकअप, वेशभूषा अशा शाखांमधूनही निवड होते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मुंबईचा चित्रपट महोत्सव भरवणारी मामि ही संस्था आणि अॅपल यांच्या उपक्रमात 2025 साली हिंदी, मराठी, तामिळ आणि मल्याळम अशा चार लघुपटांना कोंकणा सेन शर्मा, विक्रमादित्य मोटवाने, वेत्रिमारन आणि लिजो जोस पेल्लिसेरी यांचं मार्गदर्शन मिळालं. तिथली निवड आधीच्या कामावर होते, म्हणून पहिल्या फिल्मला तो रस्ता नाही, दुसऱ्या-तिसऱ्या फिल्मला आहे.

मार्गदर्शकाला काय मागायचं हेही ठरलेलं असावं. ‘सर, मला गाइड करा’ या विनंतीचं उत्तर द्यायला कुणालाच वेळ नसतो. ‘पटकथा बारा पानांची आहे, मधल्या प्रसंगात आई गप्प का राहते ते पोचत नाहीये, एकदा वाचाल का?’ याचं उत्तर बहुधा येतं. मदत दोन वेळा मागावी: पटकथा पक्की होण्याआधी आणि रफ कट तयार झाल्यावर. शूटिंगच्या आदल्या दिवशी मिळालेला सल्ला गोंधळ वाढवतो.

आता पैसा. तारापूर एमआयडीसी शेजारी असल्यामुळे इथे पहिला विचार सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा येतो आणि त्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा अधिक आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. म्हणजे शेजारच्या प्रत्येक कारखान्याला हे बंधन नाही. लहान युनिटच्या मालकाकडे सीएसआरचा अर्ज नेणं व्यर्थ, तिथे सरळ वैयक्तिक मदत मागावी.

मोठ्या कंपनीकडेही ‘माझ्या फिल्मला पैसे द्या’ असं म्हणून चालत नाही. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कोणत्या कामांवर खर्च चालतो याची यादी आहे. त्यात शिक्षण, रोजगारक्षम कौशल्यं, कला-संस्कृतीचं जतन आणि पारंपरिक कलांचा विकास हे विषय येतात. सालवडच्या पंधरा मुला-मुलींसाठी कॅमेरा आणि साउंडचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण, ज्याच्या शेवटी तीन लघुपट तयार होतील, किंवा वारली चित्रकारांच्या आणि तारपा वाजवणाऱ्यांच्या कामाचं चित्रण, असा प्रस्ताव या चौकटीत बसू शकतो. अर्ज व्यक्तीच्या नावानं करू नका. सीएसआर-1 नोंदणी असलेल्या ट्रस्ट वा संस्थेमार्फत तो जावा लागतो, तेव्हा आधी तशी संस्था किंवा कॉलेज शोधा. फिल्मच्या सुरुवातीला मोठा लोगो हवा असं कंपनी म्हणाली तर सावध व्हा. मालाच्या जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही, ते पैसे जाहिरात विभागाच्या बजेटमधून यावे लागतात. उद्योगसमूहानं हे काम चांगलं केल्याचं उदाहरणही आहे. टाटा स्टील फाउंडेशनच्या जमशेदपूरच्या ‘संवाद’ उपक्रमात ‘समुदाय के साथ’ या नावानं आदिवासी समाजांवरच्या लघुपटांना आणि आदिवासी चित्रकर्त्यांना व्यासपीठ मिळतं. वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा समाज जिथे राहतात त्या पालघर जिल्ह्यात असं काही उभं राहायला हवं.

दुसरा मार्ग लोकवर्गणीचा. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ 1976 मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून झाला. ज्यांची गोष्ट, त्यांचाच पैसा. ‘पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.’ या हापूड जिल्ह्यातल्या माहितीपटासाठी लॉस एंजेलिसच्या ओकवूड शाळेतल्या मुलींनी केक विकून पैसे जमवायला सुरुवात केली आणि 2019 साली त्याला ऑस्कर मिळालं. सातपाटीची गोष्ट असेल तर तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेत नमुना दाखवून वर्गणी मागायला काहीच हरकत नाही. वर्गणीची पावती द्या, हिशेब भिंतीवर लावा.

पैसा आला की कागद करा, मित्र असला तरी. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. ज्याचं नाव निर्माता म्हणून जाईल त्याच्याकडे प्रथम हक्क जातो, पटकथा आणि दिग्दर्शन तुमचं असलं तरी. पैसे देणारा देणगीदार आहे की निर्माता, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करा. नट आणि घरमालकाचीही लेखी संमती घ्या. रेल्वे स्थानक, वनखात्याची जमीन, कारखान्याचं आवार यांच्या परवानग्या वेगवेगळ्या असतात. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात कॅमेरा किंवा ड्रोन नेऊ नका.

फिल्म झाल्यावर लगेच यूट्यूबवर टाकू नका. आधी ऑनलाइन आलेली फिल्म बरेच महोत्सव घेत नाहीत. वर्षभर महोत्सवांना द्या, फी भरण्याआधी मागच्या वर्षी तिथे कोणत्या फिल्म दाखवल्या ते पाहा. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, त्याचा खर्चही आधीच धरा.

एक विनंती तारापूरच्या उद्योजकांना आणि मुंबईत चित्रपटक्षेत्रात काम करणाऱ्या पालघरकरांना. कुणी मुलगी दोन मिनिटांचा नमुना घेऊन आली तर तो पूर्ण पाहा. पैसे देता आले नाहीत तर एका रविवारी कारखान्याची रिकामी शेड द्या, गाडी द्या, नाहीतर तिची बारा पानं वाचून काय पोचलं नाही ते तिला सांगा.