राउटर बदलल्यावर प्रिंटरची पुनर्जोडणी

हल्लीं डिजिटल सहीचा सातबारा उतारा हातच्या सहीशिक्क्यावांचून चालतो. त्यामुळें ज्यांचे घरीं संगणक व बिनतारी प्रिंटर आहे, असे कित्येक शेतकरी बंधू उतारे व अर्ज घरींच छापून घेतात. परंतु इंटरनेटचा राउटर बदलला कीं हा प्रिंटर मुका होतो. आणि अर्जाची मुदत तोंडावर आली असतां यंत्र बिघडलें असें समजून दुरुस्तीवर व्यर्थ पैसा खर्च होतो. वस्तुतः यंत्रांत बिघाड नसतो.

कारण असें कीं, प्रिंटर वायफायचें नांव व परवलीचा शब्द आपल्या स्मरणांत ठेवतो. जमीन विकली तरी फेरफार मंजूर होईपर्यंत उताऱ्यावर जुन्याच खातेदाराचें नांव राहतें. तद्वत् प्रिंटर जुन्याच राउटरचा शोध करीत राहतो. सबब येथेंही फेरफार करणें प्राप्त आहे.

त्याचे मार्ग दोन. पहिला व सोपा मार्ग म्हणजे नव्या राउटरला जुनेंच नांव व जुनाच परवलीचा शब्द द्यावा. इंग्रजी लहानमोठ्या अक्षरांतही फरक होऊं देऊं नये. मग प्रिंटर बहुधा आपोआप जोडला जातो. मात्र तो शब्द गांवभर झाला असल्यास बदलणेंच इष्ट.

दुसरा मार्ग असा: प्रिंटरच्या पडद्यावर सेटिंग्जमध्यें नेटवर्क किंवा वायरलेस या सदरांत जाऊन नवें नांव निवडावें व शब्द भरावा. पडदा नसेल, पण दोहोंस डब्ल्यूपीएसची कळ असेल, तर राउटरची कळ दाबून दोन मिनिटांचे आंत प्रिंटरची दाबावी. तीही सोय नसल्यास प्रिंटर बनविणाऱ्या कंपनीच्या ॲपमधून जोडणी करावी.

नवें नांव प्रिंटरला दिसतच नसेल, तर पुढील गोष्ट तपासावी. पुष्कळ प्रिंटरांस 2.4 गिगाहर्ट्झची लहरच कळते, 5 ची कळत नाहीं. म्हणून राउटरवर 2.4 ची लहर चालू असावी. तसेंच जुन्या प्रिंटरांस डब्ल्यूपीए 3 ही नवी सुरक्षापद्धति उमगत नाहीं. त्यांच्यासाठीं डब्ल्यूपीए 2 ठेवावी.

जोडणी होऊनही छपाई न झाल्यास संगणकाच्या यादींतून प्रिंटर काढून पुनः घालावा. कारण संगणकापाशीं त्याचा जुना पत्ता राहिलेला असतो. दोन्ही यंत्रें एकाच राउटरवर असावीं, पाहुण्यांसाठींच्या निराळ्या वायफायवर नसावीं. मुदत आजचीच असेल, तर यूएसबी तारेनें काम भागवून घ्यावें व जोडणी सावकाश करावी.

जुना राउटर काढण्यापूर्वीं त्याचें नांव व परवलीचा शब्द वहींत टिपून ठेवावा, म्हणजे वरील पहिला मार्ग खुला राहतो.