गोळी दिली, तरी एचआयव्ही का थांबला नाही?

गनोरिया, क्लॅमिडिया असलेल्या बाईला एचआयव्ही लवकर लागतो. मग हे आजार आधीच आवरले, तर एचआयव्हीही आवरेल ना? तुम्हालाही असंच वाटत असेल.

नैरोबीच्या किबेरा वस्तीत हेच करून पाहिलं. एचआयव्ही नसलेल्या ४६६ सेक्स वर्कर महिला. काहींना दरमहा अ‍ॅझिथ्रोमायसिन, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. २००४ मध्ये निकाल छापून आला: गनोरिया, क्लॅमिडिया घटले, एचआयव्ही नाही!

मग राहिलं काय? जननेंद्रियांचा हर्पीस, म्हणजे एचएसव्ही-२. तो बहुतेकींना आधीच होता, आणि ज्यांना होता त्यांना एचआयव्हीचा धोका जास्त दिसला. हा विषाणू; अँटिबायोटिकला दाद देत नाही.

बरं, हर्पीसचं औषध द्यावं? अ‍ॅसायक्लोव्हिरही देऊन पाहिलं. २००८ च्या चाचण्यांत एचआयव्ही घटला नाही. कारण फोड भरला तरी त्या जागी सीडी४ पेशी कित्येक आठवडे जमून राहतात. एचआयव्हीला नेमक्या त्याच लागतात.

म्हणजे औषध नेमाने घेऊनही धोका उरतो. कंडोम हवाच, आणि तो वापरायला गिऱ्हाईकही तयार हवं. तेव्हा ‘या बायका काळजीच घेत नाहीत’ म्हणण्याआधी जरा थांबा.