अंगणवाडी

बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याच वस्तीच्या अंगणात भरविली जाणारी बालशाळा. तिची बैठक माँटेसरी पद्धतीची आहे. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत निघाले. भारतात मात्र महागड्या साधनांमुळे ही पद्धती बहुधा शहरी सुस्थितांपुरतीच राहिली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी (तत्कालीन ठाणे जिल्हा) येथे ग्रामीण बालशिक्षणास प्रारंभ केला. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. घडीव ठोकळ्यांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे व पाने आली. मोजणे, वर्गवारी लावणे, स्पर्शाने ओळखणे हे इंद्रियशिक्षण तेच राहिले. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही भरू लागल्या. केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत (१९७५) ‘अंगणवाडी’ हेच नाव देशभर गेले. तीत पूरक आहार, लसीकरण व आरोग्यतपासणी यांची मोलाची भर पडली. शालापूर्व शिक्षण मात्र सहा सेवांपैकी एक झाले.