रानमांजराची हद्द

भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत उंदरांच्या मागावर निघालेले रानमांजर आपण पाहिले असेल. ते नेहमी जेथे हिंडते, तो सारा प्रदेश म्हणजे त्याचे वावरक्षेत्र. त्यातल्या ज्या भागात ते आपल्या जातीच्या प्रतिस्पर्ध्याला टिकू देत नाही, ती त्याची हद्द. या दोन कल्पनांची गल्लत करू नये.

हद्द राखण्यासाठी रोज भांडावे लागत नाही. झुडपावर उडवलेले मूत्र, घासलेला गाल, वाटेवरची विष्ठा यांचा वासच पाटीचे काम करतो. वास विरला की पाटी पुन्हा ‘लिहावी’ लागते. नराचे क्षेत्र सहसा मोठे असते. त्यात एकाहून अधिक माद्यांची क्षेत्रे येऊ शकतात.

वाढत्या पिल्लाला मात्र नवी जागा शोधावी लागते. जपानच्या सुमारे २८४ चौरस किलोमीटरच्या इरिओमोते बेटावर शंभराच्या आसपासच रानमांजरे आहेत. तेथे पलीकडे समुद्र. शिवाय मोटारींखालीही ती मरतात. आपल्याकडे नागझिरा व नवेगाव यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. रस्त्याखालून सुरक्षित वाट नसेल, तर समुद्राविनाही जंगलाचे बेट होते.

विद्यार्थ्यांना गावातल्या एखाद्या बोक्याच्या फेऱ्यांचा आठवडाभराचा नकाशा काढायला सांगा. वावरक्षेत्र कोणते, हद्द कोणती?