अतिचंचल बालकाचा आहार आणि व्यायाम

घटकाभरही एका जागी न बसणारे, वही कोठे ठेवली हे विसरणारे आणि मधल्या सुट्टीत दोन घास खाऊन ताटावरून उठणारे मूल शिक्षकांच्या परिचयाचे असते. त्याला व्रात्य ठरविण्याची रीत जुनी आहे. परंतु अशांपैकी काही मुलांना अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा विकार असतो. वैद्यकात त्यास एडीएचडी म्हणतात. बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, निदान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी आढळणारी लक्षणे पाहूनच वैद्य निदान करतात. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मुलाच्या जेवणाची आणि खेळण्याची व्यवस्था मात्र पुष्कळ अंशी त्याच्याच हाती असते.

अशा मुलास चांगली सवय ठाऊक नसते असे नाही. 'सावकाश जेवावे' हे ते तोंडपाठ म्हणून दाखवील. ऐन वेळी त्याची आठवण राहत नाही, ही खरी अडचण. म्हणून उपदेशापेक्षा ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि सोबती यांचा उपयोग अधिक होतो. भोजनाच्या पंगतीत त्याला नळापासून व रस्त्यापासून दूर, शांत मुलाशेजारी बसवावे. प्रथम थोडे वाढावे आणि दुसऱ्यांदा वाढून घेण्यासाठी उठण्याची मुभा द्यावी. जेवणापूर्वी ताटे मांडण्याचे काम दिल्यास त्याच्या चळवळ्या हातापायांना वाट मिळते. काही मुली मुळीच चंचल नसतात. त्या खिडकीबाहेर पाहत बसतात आणि पुढ्यातील खिचडी निवून जाते. त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

काही मुलांना वैद्य मिथिलफेनिडेट हे औषध देतात. त्याने एकाग्रता वाढते, पण भूक मंदावते. दुपारचे ताट तसेच परत आले तर तो माज समजू नये व बळेच भरवू नये. पालकांना सांगावे की, सकाळी औषधापूर्वी भाकरी, उसळ, दूध किंवा अंडे असे भरपूर खाऊ घालावे आणि औषधाचा अंमल उतरल्यावर सायंकाळी पुन्हा पोटभर जेवू द्यावे. दर महिन्यास वजन नोंदवावे. ते घटत असल्यास पालकांमार्फत वैद्यांस कळवावे. औषध बंद करण्याचा सल्ला शिक्षकाने कदापि देऊ नये. साखर खाल्ल्याने मूल अधिक चंचल होते, ही समजूतही सोडून द्यावी. १९९५ साली अनेक प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हा तसे आढळले नाही. गोड कमी खाणे दातांसाठी हितकर आहे, एवढेच.

आता व्यायाम. गृहपाठ अपुरा राहिला म्हणून खेळाचा तास बंद करणे, ही अशा मुलास होणारी नेहमीची शिक्षा. तिच्याइतकी उलटी शिक्षा दुसरी नसेल. जोमाने धावून आल्यानंतर काही काळ लक्ष अधिक टिकते असे अभ्यासांत दिसले आहे. व्यायामाने विकार बरा होत नाही, पण पुढील तास सुकर होऊ शकतो. तेव्हा शिक्षा करायचीच तर अन्य काही करावी. गणिताच्या तासापूर्वी दहा मिनिटे लंगडी किंवा सूर्यनमस्कार घेतल्यास सर्वच वर्गाचा लाभ होईल. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची दमदार हालचाल सांगितली आहे. शाळेपर्यंतची झपझप चालही तीत धरता येते. क्रिकेटमध्ये सीमेवर उभे केलेले हे मूल लवकरच मातीत रेघोट्या ओढू लागते. आट्यापाट्यांत तसे उभे राहण्यास सवडच नसते. खेळाचे नियम एकदम न सांगता एकेक सांगावेत आणि करून दाखवावेत.

शंका असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल तेव्हा त्या मुलाचे नाव पालकांच्या संमतीने पुढे करावे. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात या विकाराचाही समावेश आहे. पथकास दाखविण्यासाठी पंधरा दिवसांची साधी नोंद ठेवावी : मूल किती जेवले, किती खेळले आणि खेळानंतरच्या तासास कसे बसले.